उशाशी बसलेली माणसं

मुलगी: पण सगळंच का पुसून टाकलंस, आई? ते एक वाक्य काढलं असतंस तरी चाललं असतं.

आई: हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.

मुलगी: बाबांना काय कळणार आहे मी काय बोलतेय ते.

आई: शब्द नाही कळत. आवाज चढला की तो मात्र कळतो. मग उठतात आणि कोण भांडतंय म्हणून घरभर बघत फिरतात. चहा गाळू?

मुलगी: गाळ. पहाटेच्या बसनं निघालेय, पोटात काही नाही. आत्या दुपारी गाडी घेऊन येणार, बाबांना कायमचं घेऊन जाणार, आणि तू केळी कापत बसलीयस.

आई: त्यांच्यासाठीच कापतेय. उठल्या उठल्या हातात काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर बावरतात.

मुलगी: मी दुकानात एका बाईंना चष्मा लावून दाखवत होते गं. फोन थरथरतोय, थरथरतोय, थांबायचं नाव नाही. शेवटी बघितला, तर आपल्या घरच्या ग्रुपवर आत्यानं फोटो टाकलेला. तू लिहिलेल्याचा. ‘आज यांना आंघोळ घालताना मनात आलं, हा माणूस आता नसता तर बरं झालं असतं.’ खाली दादाचं, ‘हे आईनं लिहिलंय?’ त्याच्या खाली सगळ्या भावंडांचे रडके चेहरे. मला वाटलं, कुणीतरी तुझ्या नावावर खपवलंय.

आई: माझं नाव तिथे नव्हतंच. तिथे मी ‘तिकीटखिडकी’ होते.

मुलगी: तेच तर ना. आयुष्यभर तलावावर तिकिटं फाडणारी बाई, आणि नवरा त्याच तलावावर पोहायला शिकवणारा. अशा जोड्या किती असतील? तू चेहरा झाकलास आणि पाटी गळ्यात घालून बसलीस.

आई: इतका विचार नाही केला. दुसरं काही सुचलं नाही.

मुलगी: आणि हा ग्रुप तुला सापडला कुठे? ‘उशाशी’. नावसुद्धा कसं.

आई: दवाखान्यात शेजारी एक बाई बसली होती, तिनं सांगितलं. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचा आहे. कुणी कुणाचं नाव-गाव विचारत नाही. सकाळची कामं उरकली की जो तो लिहितो. काल काय झालं, काय वाटलं. उपदेश करायचा नाही, एवढा एकच नियम.

मुलगी: आणि तुला हे वाटलं.

आई: हो.

मुलगी: आई, नाही म्हण ना. चुकून लिहिलं म्हण, रागाच्या भरात लिहिलं म्हण. मी सगळ्यांना तसं सांगते. मिटेल.

आई: चुकून कसं होईल? मी एकेक अक्षर शोधत लिहिते, बघितलंयस ना तू? अख्खं वाक्य होईपर्यंत चहा गार होतो माझा. चूक असती तर वाटेतच दिसली असती.

मुलगी: मग झालं तरी काय होतं त्या दिवशी?

आई: पाण्याला घाबरतात ते आता.

मुलगी: कोण? बाबा?

आई: तलाव राहू दे, बादलीतल्या पाण्यालासुद्धा.

मुलगी: हे तू मला कधीच बोलली नाहीस.

आई: तू फोनवर विचारायचीस, ‘बाबा बरे आहेत ना?’ त्यात उत्तर तूच घालून ठेवायचीस. मी नुसतं हो म्हणायची.

मुलगी: ...असं म्हणू नकोस.

आई: तुला टोचून नाही बोलत. तू लांब आहेस, तुझं तिकडे दुकान, घर, सगळं आहे. तर त्या दिवशी कपडे भरले होते त्यांचे, त्यामुळे आंघोळ टाळता येत नव्हती. मी तांब्याभर पाणी पायावर घातलं आणि त्यांनी मला धरलं. इथे, दंडाला. बुडणारं माणूस धरतं तसं. आणि ओरडायला लागले, ‘ही बाई मला बुडवतेय, धावा.’ वरच्या मजल्यावरचे दोघं खाली आले. मी तशीच ओलीचिंब दारात गेले. काही नाही म्हटलं, आंघोळ चाललीय. ते माझ्या खांद्यावरून आत बघत होते. मग मी दार लावून परत आत गेले. अंगाला साबण तसाच होता ना त्यांच्या.

मुलगी: दंड दाखव.

आई: गेलं ते. जरासं पिवळं राहिलंय.

मुलगी: दाखव म्हणते ना. अगं आई... हे ‘जरासं’ आहे?

आई: त्यांच्या हातात अजून ताकद आहे. पोहणाऱ्याचे हात. आणि तो फोटो अर्धाच आहे, बरं का. खाली आणखी लिहिलं होतं मी.

मुलगी: काय?

आई: की मग त्यांचं डोकं पुसलं. केस अजून दाट आहेत. पुसताना त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या पोटाशी डोकं टेकून उभे राहिले, लहान मूल राहतं तसे. तेव्हा वाटलं, असेच राहावेत. एकाच सकाळी दोन्ही वाटलं. तिथे दोन्ही लिहिता यायचं.

मुलगी: मग हे अख्खं टाक ना घरच्या ग्रुपवर. कळू दे सगळ्यांना.

आई: कुठून टाकू? पुसलं. फोटो आला त्याच दिवशी दीड वर्षाचं सगळं पुसून बाहेर पडले. घाबरले मी. म्हटलं, आणखी काय काय बाहेर येईल. दादाबद्दल होतं. तुझ्याबद्दल होतं.

मुलगी: माझ्याबद्दल काय होतं?

आई: जाऊ दे.

मुलगी: सांग. आता आलेच आहे तर ऐकूनच जाते.

आई: की तू आलीस की मला बरं वाटतं. आणि तू गेलीस की त्याहून बरं वाटतं, कारण तू असलीस की मला दिवसभर नीट दिसावं लागतं. चहा घे. साय धरतेय.

मुलगी: आत्यापर्यंत हे पोचवलं कुणी? ती तर त्या ग्रुपमध्ये नाही.

आई: तिच्या शेजारी ती शिकवण्या घेणारी राहते ना, तिची सासू अंथरुणाला खिळलीय. ती होती ग्रुपमध्ये. माझं तिकीटखिडकी आणि यांचं पोहणं वाचून तिनं ओळखलं असणार.

मुलगी: म्हणजे तीही तिथे लिहायची?

आई: लिहायची की. सासूच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, ते मीच तिला समजावून लिहिलं होतं. कोण आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. फोटो आला तेव्हा सगळे धागे जुळले.

मुलगी: मग तिनं स्वतः सासूबद्दल काय काय लिहिलं असेल? धुतल्या तांदळासारखी थोडीच असेल ती. काय लिहिलं होतं?

आई: ते नाही सांगणार.

मुलगी: आई, ती तुझ्या संसारात काडी लावून बसलीय. तू आत्याला एक फोन केलास तर—

आई: करू शकले असते. फोन हातात घेतलाही होता. पण ती ज्या दिवशी ते लिहीत होती, त्या दिवशी तिला दुसरं कुणी नव्हतं. तिथलं तिथंच राहायला हवं. तिच्या हातून नाही राहिलं, म्हणून माझ्या हातूनही नको.

मुलगी: तू ना... मला तुझा राग यावा की काय व्हावं, तेच कळत नाही.

आई: आम्ही नुसते रडत नव्हतो गं तिथे. हसायचो खूप. एकाचे वडील त्याला रोज चोर समजून घराबाहेर काढायचे आणि थोड्या वेळानं दार उघडून चहाला बोलवायचे. आम्ही विचारायचो, आज चोराला बिस्किट मिळालं का? एक बसचालक आहे. त्याची बायको पडून असते, बोलत नाही. तो तिला रोज रस्त्यावरच्या गमती सांगतो आणि आम्हाला लिहितो, आज तिच्या भुवया इतक्या हलल्या. मी बाहेर पडले त्या संध्याकाळी त्यानं वेगळा निरोप पाठवला. ‘खिडकी बंद का?’ एवढाच.

मुलगी: तू काय उत्तर दिलंस?

आई: नाही दिलं. काय देणार?

बाबा: बाई, आज तलाव बंद आहे का?

आई: उठलात का मास्तर? हो, बंद आहे. सफाई चाललीय. इथे बसा, केळं घ्या.

मुलगी: बाबा, मी आलेय.

बाबा: या, या. बसा. मुलाला आणलंय का? वय काय त्याचं?

मुलगी: मुलगा नाही... मुलगी आहे.

बाबा: घाबरते पाण्याला?

मुलगी: हो. थोडी घाबरते.

बाबा: घाबरू द्या. जे घाबरत नाहीत त्यांची मला धास्ती वाटते. मी पहिले काही दिवस नुसतं काठावर बसवतो, पाय सोडून. आईबापांना वाटतं, मास्तर फुकट वेळ घालवतोय. तुम्ही घाई नका करू.

मुलगी: नाही करणार.

बाबा: या बाईंना विचारा. आमच्याकडे कामाला आहेत. फार चांगल्या आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. फक्त माझी बायको अजून आली नाही, तेवढी काळजी आहे.

मुलगी: बाबा, अहो ही तर—

आई: राहू दे. मास्तर, खिडकीवर गर्दी आहे आज. येतील त्या.

बाबा: सुट्टीच्या दिवसांत असंच होतं. जेवायलासुद्धा सवड मिळत नाही तिला. बाई, तुम्हाला उशीर झाला असेल. निघा तुम्ही, घरी वाट बघत असतील.

आई: निघते थोड्या वेळानं. चला, गॅलरीत ऊन आलंय, तिथे बसा. हं, सावकाश. पाय उचला. आता छान.

मुलगी: आई.

आई: रडू नकोस. त्यांना इथून दिसतं.

मुलगी: कधीपासून?

आई: थंडी पडायला लागली तेव्हापासून. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी भांडले. लग्नाचा फोटो काढून समोर धरला. बराच वेळ बघितला. म्हणाले, ‘हो, हीच माझी बायको. आणि तुम्ही कोण?’

मुलगी: आणि हेही तू मला न सांगता तिथे लिहिलंस.

आई: लिहिलं. बसचालकानं उत्तर दिलं, ‘बाई म्हणून तरी पसंत आहात ना? मग नोकरी पक्की.’ मी इतकी हसले, दूध उतू गेलं. दुसऱ्या कुणी तसं म्हटलं असतं तर झोंबलं असतं.

मुलगी: ठीक आहे. ऐक. आत्या आली की मी बोलते. बाबा कुठेही जाणार नाहीत. मी दुकानातून सुट्टी काढते, मदतीला माणूस बघते, दादाशी मी बघून घेते. कुणी येऊन नवरा उचलून नेईल, असं थोडंच आहे.

आई: जाऊ देत त्यांना.

मुलगी: काय?

आई: जाऊ देत. वन्सं त्यांच्या थोरल्या बहीण आहेत, आईविना वाढवलंय त्यांना. त्या आल्या की हे अजून ‘ताई’ म्हणून हाक मारतात. चेहरा खुलतो. माझ्याकडे बघून खुलत नाही.

मुलगी: म्हणून तू देऊन टाकणार? लोक म्हणतील, लिहिलं ते खरंच होतं.

आई: खरंच होतं ना पण. खोटं असतं तर मी दारात आडवी पडले असते. आता वन्सं म्हणतात, तू त्यांच्या मरणाची वाट बघतेस, तर मला नाही म्हणायला तोंड नाही. एकदा का होईना, बघितली होती. आणि थकलेय मी. इतकी थकलेय, की त्या येणार म्हटल्यावर आधी वाईट नाही वाटलं. आधी वाटलं, आज दुपारी झोपायला मिळेल.

मुलगी: आई, ये इकडे. बस जरा.

आई: गाडीचा आवाज आला बघ. आल्या वाटतं. दार उघडंच आहे वन्सं, या.

आत्या: पाणी-बिणी काही नको मला. त्याचे कपडे भरलेत का? आणि तू कधी आलीस गं?

मुलगी: सकाळी. आत्या, बस ना आधी.

आत्या: बसायला आलेली नाही मी. कुठाय तो?

आई: गॅलरीत. कपड्यांची पिशवी ही. औषधं वरच्या कप्प्यात आहेत.

आत्या: तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवून आले होते मी. पण राहवत नाही. सगळ्या जगाला सांगत सुटलीस, मला का नाही सांगितलंस? मी मेले होते का?

आई: सांगितलं होतं. मागच्या उन्हाळ्यात फोन केला होता. म्हटलं, वन्सं, मला हे झेपत नाही. तुम्ही म्हणालात, ‘तू हातपाय गाळलेस तर त्यानं कुणाकडे बघायचं?’ त्यानंतर नाही सांगितलं.

आत्या: अगं, धीर द्यायला म्हणाले होते मी.

आई: माहीत आहे.

आत्या: आमची आई गेली तेव्हा रांगत होता तो. माझ्या कडेवरून उतरायचा नाही. तो नसता तर बरं झालं असतं, हे शेजारणीच्या फोनवर वाचलं मी, तिच्यासमोर. काय झालं असेल माझं?

आई: तुम्हाला तसं वाचावं लागलं, त्याचं वाईट वाटतं मला.

आत्या: आणि लिहिलंस त्याचं?

आई: त्याचं नाही वाटत. खोटं कशाला सांगू?

मुलगी: आत्या, तू अर्धंच वाचलंयस. त्याच्या खाली आईनं—

आई: तू थांब. वन्सं, दोन-तीन गोष्टी सांगते, तेवढ्या ऐका. आंघोळीचं पाणी त्यांच्यासमोर ओतू नका, आवाजानं बिथरतात. आधी कोमट टॉवेल पिळून त्यांच्याच हातात द्या. त्यांना वाटतं, दुसऱ्याच कुणाला पुसायचंय, मग नीट पुसतात. उठल्यावर हाताशी काही खायला ठेवा. आणि संध्याकाळी विचारतील, माझी बायको कुठाय. तेव्हा म्हणायचं, खिडकीवर गर्दी आहे. घरी आहे म्हणू नका, शोधायला निघतात. गेली असंही म्हणू नका. एकदा कुणीतरी म्हणालं, तर दोन दिवस जेवले नाहीत.

आत्या: तुझ्याबद्दल विचारतो? तुलाच?

आई: रोज.

आत्या: आणि तू काय सांगतेस?

आई: हेच. गर्दी आहे, येतील.

आत्या: ...अर्धा कप चहा टाक. साखर नको.

मुलगी: मी टाकते. तुम्ही दोघी बसा.

आत्या: बरी दिसत नाहीस तू. केवढीशी झालीयस. माझ्याकडे सून आहे, गडी माणूस आहे हाताशी. एक-दोन महिने राहू दे त्याला. मग बघू पुढचं. मी काही तोडून न्यायला आले नाही गं... म्हणजे आले होते तशीच, पण आता नाही.

आई: बघू. त्यांना करमलं तर राहू देत.

आत्या: बाळ, चल. माझ्याकडे यायचं ना?

बाबा: ताई, तू कधी आलीस? किती पांढरी झालीस गं. चल, निघू या. बाई, ऐका.

आई: बोला मास्तर.

बाबा: माझी बायको आली की तिला सांगा, मी ताईकडे गेलोय. न सांगता गेलो तर जीव टांगणीला लागतो तिचा. जेवत नाही ती.

आई: सांगते.

बाबा: विसरणार नाही ना?

आई: नाही विसरणार. जपून उतरा.

(गाडी निघून गेली आहे. दोघी जिन्यातून वर आल्या आहेत. गॅलरीतली खुर्ची अजून उन्हात आहे.)

मुलगी: पड जरा. मी अंथरूण घालते.

आई: झोप गेली कुठे कोण जाणे. आत्ता तर इतकी येत होती.

मुलगी: तुझा फोन दे. त्या ग्रुपमध्ये परत घालते तुला. नवं नाव घे. बसचालकाला लिही, की आज काय झालं.

आई: नको. तो ग्रुप ज्यांच्या घरी माणूस आहे त्यांचा. कुणाचं माणूस गेलं की ते निरोप घेऊन बाहेर पडतात, तशी रीत आहे तिथे. आता मी कुणाच्या उशाशी आहे?

मुलगी: मग मला सांग. काय वाटतंय ते. चांगलं, वाईट, काहीही. मी कुणाला सांगणार नाही, उपदेशही करणार नाही. नुसती ऐकेन.

आई: तुला नाही सांगता येणार, बाळा.

मुलगी: का पण?

आई: तुझे बाबा आहेत ते.